डावा इथे, उजवा तिकडे

उस्मानचाचा कुठल्याही नव्या वस्तूला आधी हाताच्या पाठीने शिवत. बाजारातून आणलेलं वांगं असो, शेजारच्या पोराचं तापलेलं कपाळ असो, नाहीतर माझं नवं पुस्तक असो. बोटं आत वळवून हाताची पाठ हलकेच टेकवायची, क्षणभर थांबायचं, आणि मगच ती वस्तू तळहातावर घ्यायची. मला ही सवय पहिल्यांदा तुसडेपणाची वाटली. माझ्या पुस्तकाला ते असं शिवले तेव्हा मी जरा दुखावलोच. ते हसले.

"अरे कालेज, तळहातानं धरलं आणि त्यात ती असली, तर मूठ मिटते. मग सोडतो म्हटलं तरी सुटत नाही. पाठीनं शिवलं तर हात मागं फेकला जातो. तुझ्या पुस्तकात ती नाही, हे मला माहीत आहे. पण हाताला कुठं माहीत आहे?"

'ती' म्हणजे वीज. चाचा विजेचं नाव कधी घेत नसत. "ती गेली", "ती झोपली", "आज ती लई माजलीय", असंच बोलत. जंगलालगतचे लोक वाघाचं नाव घेत नाहीत, तसं.

नाशिकच्या वीज कंपनीत ते लाइनमनांचे मुकादम होते. भद्रकालीत त्यांच्या घराला लागून एक खोली होती, तिच्यात मी भाड्याने राहत होतो. माझे वडील निफाडला शिंपीकाम करतात. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे शहरात आल्यावर कोणाशी काय बोलावं हे मला समजत नसे. चाचांनी तो प्रश्न सोडवून टाकला. त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. मी त्यांच्यासाठी 'कालेज' होतो. संध्याकाळी कामावरून आले की विचारत, "काय कालेज, आज काय शिकवलं?" आणि मी सांगू लागलो की खरोखर ऐकत.

त्यांच्या स्वतःच्या घरात विजेचा दिवा नव्हता. कंदील होता. चाची कुरकुरायची, "सारे गाव को उजाला देता है, आणि माझ्या चुलीपुढं काळोख." चाचा म्हणायचे, "दिवसभर तिच्याशी भांडून येतो, बीबी. घरात पण तीच पाहिजे का?"

चाचांच्या हाताखालच्या माणसांना एक रीत पाळावी लागे. खांबावर चढायच्या आधी पावरहौसमध्ये त्या तारेचा खटका पाडून वीज बंद करायची, आणि जो माणूस चढणार असेल त्याने आपले जोडे दोरीने बांधून त्या खटक्याच्या दांड्याला टांगायचे. लाइनमन चढतो अनवाणीच. काम संपवून तो खाली आला, चालत पावरहौसपर्यंत गेला, स्वतःच्या हाताने जोडे काढून पायात घातले, की मगच खटका वर. जोडे दुसऱ्या कोणी काढायचे नाहीत. मॅनेजरनेही नाही.

एकदा एका व्यापाऱ्याच्या घरचं लग्न होतं. वरात दाराशी आली आणि नेमकी त्या गल्लीतली वीज गेली. तार जोडायला चाचा स्वतः वर चढले होते. तार जोडून झालेली व्यापाऱ्याच्या माणसाने खालून पाहिली आणि तो धावत पावरहौसला गेला. खटक्याशी बसलेल्या माणसाला म्हणाला, "झालंय काम, कर की चालू! नवरदेव घोड्यावर ताटकळलाय."

तो माणूस म्हणाला, "जोडेवाला आला नाही."

"अरे, जोडे मी नेऊन देतो त्याला!"

"मग नवरदेवाऐवजी घोड्यावरही तुम्हीच बसा," तो म्हणाला.

चाचा सावकाश चालत आले तोवर नवरदेव अंधारातच होता. व्यापारी पुढे कित्येक दिवस चाचांशी बोलत नव्हता. चाचा हा किस्सा सांगताना मात्र त्या खटक्याशी बसलेल्या माणसाचं कौतुक करत, स्वतःचं नाही.

सोमा त्यांच्याकडे आला तो खांबांसाठी खड्डे खणणाऱ्या मजुरांबरोबर. पेठच्या बाजूच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचा. बोलणं थोडं, हसणं पुष्कळ. एक दिवस एका खांबाच्या टोकाला पतंग अडकला होता, आणि खाली पोरं रडत होती. तार अजून ओढायची होती. सोमाने कुदळ टाकली आणि तो वर जाऊन पतंग घेऊन खालीही आला. चाचा बघत राहिले. मला म्हणाले, "हे पोरगं चढत नाही, कालेज. ते वर चालत जातं."

त्यांनी त्याला आपल्या हाताखाली घेतलं. पण अडचण अशी की सोमाकडे जोडेच नव्हते. जन्मात कधी नव्हते. "टांगायला काही नाही त्याला मी वर पाठवत नाही," असं म्हणून चाचांनी त्याला चांभाराकडे नेलं आणि चांगल्या कमावलेल्या कातड्याचे जोडे करवून घेतले. सोमाला ते घालून चालता येईना. तो ते हातात धरून, अनवाणी, पावरहौसला जायचा, दांड्याला टांगायचा आणि संध्याकाळी पुन्हा हातात घेऊन परतायचा. शिमग्याला गावी गेला तेव्हाही खांद्यावर टाकून गेला. चाची त्याला चिडवायची, "सोमा, जोडे तुला नेतात, का तू जोड्यांना?" तो लाजून हसायचा.

त्याच्या मागे त्याची आई तेवढी होती. पोरगं नाशकात काय करतं ते पाहायला ती एकदा आली आणि त्याला खांबाच्या टोकाला पाहून रस्त्यात मटकन खाली बसली. चाचांनी तिला पावरहौसमध्ये नेलं, दांड्याला टांगलेले जोडे दाखवले आणि म्हणाले, "माय, हे इथं आहेत तोवर त्याला काही व्हायचं नाही. जबान देतो तुला."

तिने जोड्यांना हात लावला. मग म्हणाली, "तुमी देता जबान, म्हंजी झालं." आणि तिसऱ्या प्रहरीच गावाची वाट धरली.

त्यानंतर काही महिन्यांनी गावात मोठा आनंद झाला. आमच्या पावरहौसपासून गावाबाहेरच्या लष्करी कँपच्या बाजूच्या दुसऱ्या पावरहौसपर्यंत जोडतार टाकली गेली. ते पावरहौस दुसऱ्या मालकांचं. इथलं इंजिन बंद पडलं किंवा इथली एखादी तार तुटली, तर तिकडून वीज आणता येणार होती, आणि तिकडे अडचण आली तर इथून नेता येणार होती. पूर्वी एक तार तुटली की निम्मं गाव अंधारात बसे. आता दिवे जात, लोक "गेली" म्हणत, आणि कंदील सापडायच्या आत दिवे परत येत. बाजारपेठेत लोक टाळ्या वाजवत. मीही वाजवल्या. माझ्या कॉलेजच्या विजेवरच्या पुस्तकात ही गोष्ट आकृतीसह होती, आणि ती डोळ्यांपुढे घडताना पाहून मला फार बरं वाटलं होतं.

चाचांना मी तसं म्हणालो. त्यांनी बिडी पेटवली.

"आधी ती एका दारानं यायची," ते म्हणाले. "दाराला कडी घातली, की पोरगं आत खुशाल. आता घराला दोन दारं झाली, कालेज. एका दाराशी मी आहे. दुसऱ्या दाराशी कोण आहे?"

"टेलिफोन आहे ना, चाचा."

"फोनवर आवाज येतो. माणूस येतो का?"

आणि मग त्यांनी तोडगा काढला. सारा गाव त्यावर हसला. जोडतारेवर कोणी चढणार असला की त्याचा डावा जोडा इथल्या दांड्याला, उजवा कँपच्या दांड्याला. उजवा पोचवायला सायकलवाला जाई आणि काम संपलं की आणायलाही जाई. दोन्ही जोडे माणसाच्या पायात आले की मग दोन्हीकडचे खटके वर. सायकलच्या पुढे एकच जोडा लोंबतोय असं पाहिलं की रस्त्यावरची पोरं ओरडत, "डावा इथे, उजवा तिकडे! मधला माणूस गेला कुणीकडे?" चाचाही हसत. पण जोडा पोचल्याचा निरोप आल्याशिवाय कोणाला पाय उचलू देत नसत.

कँपच्या खटक्यावर केशवराव म्हणून गृहस्थ होते. वयाने चाचांच्याच बरोबरीचे, भाविक, कपाळाला नेहमी गंध. पहिल्या दिवशी तो जोडा पाहून त्यांनी नाक मुरडलं. "उस्मानभाई, तुमची पायतणं आम्ही मिरवायची होय?" चाचा म्हणाले, "केशवराव, पायतण नाही ते. माणूस आहे." केशवरावांना ते पटलं. इतकं पटलं, की पुढे जोड्याला चिखल असला तर ते स्वतः फडक्याने पुसून टांगत. सणावाराला चाचांच्या घरी त्यांच्याकडून करंज्या येत, ईदला त्यांच्याकडे शेवया जात. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे लोक या माणसाविषयी काय काय बोलले ते मी ऐकलं आहे.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वाऱ्याने जोडतारेवर फांदी पडली. दुसऱ्या दिवशी सण, हत्यारं-अवजारं पुजायचा. चाचा आपल्या माणसांना म्हणाले, "तुमचा सण आहे, तुम्ही घरी जा. मी आणि सोमा बघतो." सोमाच्या पाड्यावर ही पूजा नव्हती. त्याने आपले जोडे आणले. डावा इथे टांगला, उजवा सायकलवर गेला, पोचल्याचा निरोप आला, आणि तो वर चढला.

आमच्या पावरहौसमध्येही त्या दिवशी पूजा होती. इथल्या लोकांना चाचांची सवय होती. त्यांनी इतर सगळ्या दांड्यांना झेंडूच्या माळा घातल्या, आणि तो एक दांडा जोड्यासकट तसाच सोडून दिला.

कँपला पूजा केशवरावांनी मांडली. हळदकुंकू घेऊन ते खटक्यांपाशी आले तेव्हा जोडतारेच्या दांड्याला जोडा होता. देव म्हणून ज्याला हात जोडायचे, त्याच्यावर कातड्याचा जोडा. त्यांनी विचार केला, पूजेपुरता काढू आणि लगेच परत टांगू. जोडा आदराने दोन्ही हातांनी काढून त्यांनी दाराबाहेर ठेवला, जिथे पूजेला येणारे आपापली पायतणं काढत होते तिथेच. दांड्याला माळ घातली. आरती झाली, प्रसाद झाला. कामगारांची बायकामुलं आली होती, ती गेली. त्या गडबडीत जोडा परत टांगायचा राहून गेला, आणि तो आपण काढला होता हेही केशवरावांच्या ध्यानातून गेलं.

इकडे नाशकात इंजिन बंद पडलं. कंपनीच्या कचेरीतून कोणीतरी कँपला फोन केला, तिकडून वीज द्या म्हणून. वर माणूस आहे हे त्या फोन करणाऱ्याला ठाऊक नव्हतं. केशवरावांनी दांड्याकडे पाहिलं. दांड्याला माळ होती. जोडा नव्हता. जोडा नाही म्हणजे माणूस खाली आला, हेच तर त्यांना इतके दिवस शिकवलं होतं. त्यांनी नमस्कार करून खटका वर केला.

तारेवर काम करताना लाइनमन तिच्यावर एक लोखंडी साखळी टाकतात. चुकून वीज आलीच तर ती साखळीतून जमिनीत जावी म्हणून. काम संपलं की साखळी काढायची आणि उतरायचं. सोमाचं काम संपलं होतं. साखळी त्याने नुकतीच खाली चाचांच्या हातात सोडली होती.

पुढचं मला चाचांनी कधी सांगितलं नाही.

गावात लोक नाही नाही ते बोलू लागले. कोणी म्हणालं, मुसलमानाचा जोडा म्हणून काढला. जोडा सोमाचा होता, पण बोलणाऱ्यांना त्याची गरज नव्हती. कोणी म्हणालं, देवाच्या वस्तूला जोडा बांधला त्याचं हे फळ. पूजेनंतर आठवड्याने केशवराव आमच्याकडे आले. गंध नव्हतं. ते उंबऱ्यातच बसले आणि चाचांच्या पायांना हात लावायला वाकले. चाचांनी त्यांना धरून सरळ बसवलं.

"मी लगेच परत टांगणार होतो, उस्मानभाई," केशवराव म्हणाले.

"हां."

"देवाशपथ."

"शपथ कशाला, केशवराव. मला माहीत आहे."

चाचीने चहा आणला. कोणीच घेतला नाही.

चौकशी झाली. मी बाहेरच्या व्हरांड्यात उभा होतो, दार उघडं होतं. साहेबांनी चाचांना विचारलं, खटक्यावरची खूण कोणी काढली? केशवराव समोरच बसले होते. त्यांना पाच मुली होत्या. चाचा म्हणाले, "साहेब, जोडा टांगायची अक्कल माझी. वर्षातून एक दिवस तो तिथं राहू शकणार नाही, हे मला कळायला हवं होतं. इतकी वर्षं या लोकांत राहतो मी. खंडेनवमी मला माहीत नाही का?"

साहेब म्हणाले, "म्हणजे तुमची पद्धतच सदोष होती."

चाचा म्हणाले, "हो."

साहेबांना तेवढंच हवं होतं असं मला वाटलं. केशवरावांची दुसरीकडे बदली झाली. चाचांना कामावरून कमी केलं. आणि खटक्याला जोडे टांगायची रीत बंद करण्यात आली, इथेही आणि तिकडेही. यापुढे फक्त फोनवर कळवायचं. जो फोन त्या दिवशी आला होता, त्याच फोनवर.

नोकरी गेल्याचं चाचांना दुःख झालेलं मला दिसलं नाही. रीत बंद झाली हे ऐकल्यावर मात्र ते भिंतीकडे तोंड करून निजले आणि दोन दिवस उठले नाहीत. चाची माझ्या खोलीत येऊन रडली. म्हणाली, "सोमा मेला तेव्हा हे रडले होते, बेटा. आता रडत पण नाहीत."

मग एक दिवस ते उठले आणि मला म्हणाले, "कालेज, चल माझ्याबरोबर. सोमाच्या आईकडे जायचंय."

तिला निरोप कंपनीने पाठवला होता, पण चाचा स्वतः गेले नव्हते. पेठकडच्या मोटारीने आम्ही निघालो, शेवटचा रस्ता पायी. वाटेत ते म्हणाले, "तू विजेचं शिकतोस ना? मला नीट बोलता यायचं नाही. तू तिला समजेल असं सांग."

सगळा रस्ता मी मनाशी वाक्यं जुळवत होतो.

ती अंगणात नागली पाखडत होती. आम्हाला पाहून तिने सूप खाली ठेवलं. चाचांना ओळखलं तिने. पाणी दिलं. मग आमच्यापुढे बसली आणि विचारलं,

"कोनी मारला त्याला?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुरुवात केली. दोन पावरहौस, मधली तार, एकीकडे बंद असली तरी दुसरीकडून येते, असं काहीसं सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. माझं संपल्यावर तिने पुन्हा विचारलं,

"ते समदं खरं. पन मारला कोनी? त्याचं नाव काय?"

"नाव नाही, माय," चाचा म्हणाले. "कोणी मारला नाही."

"कोनीच नाय?"

"कोणीच नाही."

"मग मेला कसा?"

चाचा म्हणाले, "मी जबान दिली होती. माझं नाव घे तू. उस्मान."

तिने मान हलवली. "तुमचं कशाला घेऊ? तुमी तर खाली हुबे व्हते." तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती समजून घ्यायचा प्रयत्न करत होती आणि तिला समजत नव्हतं. आम्ही उठलो तेव्हा ती पुन्हा सूप घेऊन बसली होती, पण पाखडत नव्हती. मला जे शिकवलं जातं त्यातलं काही तिच्या उपयोगाचं नव्हतं, एवढंच मला परतीच्या वाटेवर कळलं.

त्यानंतर ते मला विचारेनासे झाले, आज काय शिकवलं म्हणून.

परीक्षेनंतर मी ती खोली सोडली. नवी खोली कॉलेजच्या जवळ मिळाली होती, आणि खरं सांगायचं तर भद्रकालीतल्या त्या भिंतीपलीकडची शांतता मला सोसवत नव्हती. चाचा मला शेवटचे दिसले ते त्यानंतर, चैत्रातल्या एका दुपारी, मोठ्या रस्त्यावर.

खांबावर एक नवा लाइनमन चढला होता. खाली त्याची सायकल आडवी पडली होती आणि माणसांचा घोळका जमला होता. चाचा खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभे होते. गाल लोखंडाला टेकलेला. ऊन इतकं होतं की ते लोखंड नक्कीच पोळत असणार. वर वीज आली तर खाली खांब धरणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही, हे त्यांनीच मला एकदा समजावून सांगितलं होतं.

"चाचा, सोडा ना आता," वरचा पोरगा वैतागून म्हणत होता. "तिकडं फोन केलाय. सगळं बंद आहे."

"असंल."

"मग सोडा की! लोक हसतात."

"हसू दे. तू खाली आलास की सोडतो. तू तुझं काम कर."

घोळक्यातलं कोणी म्हणालं, म्हातारं येडं झालंय. कोणी त्यांना ओढायला गेलं, पण त्यांची मिठी सुटली नाही. पोराने काम उरकलं आणि तो उतरू लागला. शेवटच्या पुरुषभर उंचीत चाचा मध्येच होते. तो म्हणाला, "बाजूला व्हा, पाय कुठं टाकू?" चाचा हलले नाहीत. शेवटी त्याने त्यांच्याच खांद्यावर अनवाणी पाय टेकवला आणि खाली उडी मारली. तेव्हा त्यांनी हात सोडले.

"आता पुढचा खांब," पोरगा पुटपुटला, आणि त्यांच्याकडे न पाहता सायकलवर बसून निघून गेला.

चाचा त्याच्या मागे निघाले. मी हाक मारली. सायकल वळणापलीकडे केव्हाच दिसेनाशी झाली होती. ते वर तारेकडे पाहत, एका खांबापासून दुसऱ्या खांबाकडे, त्या उन्हात चालत राहिले.